मार्टमधून महिन्याचा किराणा: यादीपासून गेटवरच्या शिक्क्यापर्यंत

आमच्या सोसायटीत नवीन लग्न होऊन आलेली एक मुलगी आहे, तिने परवा लिफ्टमध्ये गाठून विचारलं की काकू, दोघांचाच किराणा, साडेतीन हजारात बसेल म्हणून मार्टमध्ये जातो आणि बिल सहा हजारांच्या पुढे, आमचं चुकतं कुठे? लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली, तेवढ्यात काय सांगणार, म्हटलं सावकाश लिहून पाठवते. तेच हे, जरा लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी एक सांगते. पूर्वी नाशिकला आमच्या गल्लीतल्या वाण्याकडे चिठ्ठी टाकली की संध्याकाळी पोऱ्या सायकलवर सामान आणून द्यायचा, आणि सामान सगळं काउंटरच्या पलीकडे, आपला हातच पोचायचा नाही, जे मागू तेवढंच मिळायचं. मार्टमध्ये काउंटर शेवटी आहे, त्याच्या आधी सगळं हाताशी. दर कमी असतो यात वाद नाही, डीमार्टने २००२ मध्ये पवईतून सुरुवात केली ती याच जोरावर, जागा शक्यतो स्वतःच्या, पुरवठादाराला पैसे लवकर, सजावटीवर खर्च नाही, आणि वाचलेलं गिऱ्हाइकाला. पण दहा टक्के स्वस्त मिळालेल्या डाळीबरोबर आपण जे न लागणारं घरी आणतो ना, तिथे सगळं फिटतं. म्हणून मी जे सांगणार आहे त्यातलं अर्धं काम ट्रॉलीला हात लावायच्या आधीचं आहे.

निघायच्या आधी, स्वयंपाकघरात

यादी सोफ्यावर बसून करायची नाही. डबे उघडून करायची. तूरडाळीचा डबा उघडला, अर्धा आहे, दोघांना महिन्याला साधारण दीड किलो लागते, म्हणजे या वेळी एकच किलो, असं. पहिले दोन-तीन महिने कशाला किती लागलं ते कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा, मग आयुष्यभराची सोय होते. आमच्याकडे चौघांना महिन्याला तेल चार लिटर, साखर साडेतीन किलो, पोहे दीड किलो (रविवार आणि पाहुणे धरून), आणि हे आकडे मला आता झोपेत विचारले तरी येतात.

यादी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवते, पण एक युक्ती, वस्तू जशा आठवतील तशा न लिहिता तिथल्या रॅकच्या हिशोबाने लिहायच्या: धान्य-डाळी एकत्र, मग तेल-तूप, मसाले, मग साबण-पावडर, शेवटी फ्रिजमधलं. नाहीतर काय होतं, मसाल्यांपासून साबणांपर्यंत गेल्यावर हिंग आठवतो आणि हिंगासाठी परत मागे येताना वाटेत बिस्किटांचा रॅक असतो. रिकाम्या पोटी जाऊ नका हे सगळेच सांगतात, मी म्हणते मुलांनाही खाऊ घालून न्या, किंवा नेऊच नका.

पिशव्या घरच्या. महाराष्ट्रात जून २०१८ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी लागू आहे, तेव्हा तिथे कापडी किंवा कागदी पिशवी विकत घ्यावी लागते, आणि अशा डझनभर पिशव्या माझ्या घरी गादीखाली पडून आहेत. आमच्या सासूबाईंनी जुन्या जीन्सच्या दोन शिवून दिल्यात, दहा-दहा किलो सहज पेलतात, हँडल तुटत नाही. आणि आपली गाडी कुठली ते लक्षात ठेवून खरेदी करा बरं का. ॲक्टिव्हाच्या फुटबोर्डवर दहा किलोचा तांदूळ, वर तेलाचा डबा आणि मागे बसलेल्या माणसाच्या मांडीवर अंडी, हा प्रयोग आम्ही केलाय, परत करणार नाही.

कधी जायचं

महिन्याचे पहिले सात दिवस आणि कुठल्याही रविवारची संध्याकाळ, हे दोन सोडून कधीही. पगार झालेला असतो, अख्खं गाव तिथे असतं. दिवाळीच्या आधीचा आठवडा तर विचारूच नका, फराळाचं सामान दसऱ्यानंतर लगेच आणून ठेवायचं. मी मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जाते, रॅक भरलेले असतात, बिलाला तीन माणसं, पन्नास मिनिटांत बाहेर. नोकरीवाल्यांनी रात्री जेवण झाल्यावर शेवटच्या तासाभरात जावं, पण तेव्हा काही वस्तू संपलेल्या असतात हे धरून चालायचं.

आत शिरताना

बाहेरच्या पिशव्या जमा करून टोकन मिळतं, ते पर्सच्या त्याच कप्प्यात ठेवा जिथे गाडीची किल्ली ठेवता. मोबाइल, पाकीट, दागिना जमा केलेल्या पिशवीत ठेवायचा नाही, ती जबाबदारी दुकान घेत नाही अशी पाटीच असते. ट्रॉली घेताना चार पावलं ढकलून बघा, एक चाक आडवं चालणारी असेल तर तिथेच बदला, भरल्यावर ती ट्रॉली आपल्याला ओढत नेते. आणि महिन्याचं सामान नसेल, चार वस्तूच घ्यायच्या असतील तर ट्रॉली घेऊच नका, हातातली बास्केट घ्या. हाताला ओझं लागलं की डोकं ठिकाणावर राहतं.

क्रम असा: आधी जड आणि टणक (तांदूळ, पीठ, साखर, तेल), मग डाळी-मसाले, मग साबण-फिनेल एका बाजूला वेगळं, मग चिरडणाऱ्या वस्तू, ब्रेड, अंडी, आणि सगळ्यात शेवटी, म्हणजे बिलाच्या रांगेकडे वळताना, फ्रोझन मटार, पनीर, आईस्क्रीम. मटार अर्धा तास ट्रॉलीत फिरले की मऊ पडतात आणि घरी जाऊन परत गोठले की गठ्ठा होतो. उन्हाळ्यात मी त्यांना दोन वर्तमानपत्रांत गुंडाळून आणते. अंड्यांचा ट्रे उघडून प्रत्येक अंडं जागच्या जागी बोटाने गोल फिरवून बघा, जे फिरत नाही ते खालून फुटून चिकटलेलं असतं.

दर वाचायचा कसा

आता खरी गोष्ट. मोठं पाकीट म्हणजे स्वस्त, हे डोक्यातून काढून टाका. बऱ्याचदा असतं, नेहमी नसतं. गेल्या काही वर्षांपासून पॅकबंद मालावर एमआरपीबरोबर एककाचा दरही छापतात, म्हणजे ग्रॅमला किती, किलोला किती, मिलिलिटरला किती. अक्षर बारीक असतं, एमआरपीच्या आजूबाजूला शोधा. गोम अशी की एक किलोच्या आतल्या पाकिटावर दर ग्रॅमला लिहितात आणि किलोच्या वरच्यावर किलोला, त्यामुळे दोन्ही पाकिटं शेजारी ठेवली तरी पटकन कळत नाही. अर्ध्या किलोच्या पाकिटावर ग्रॅमला ०.१९ रुपये लिहिलंय आणि दोन किलोच्यावर किलोला १७२ रुपये, तर पहिल्याला हजाराने गुणा, १९० झाले, आता कळलं दोन किलोचं स्वस्त आहे. पण दुसरी गोम मोठी आहे, हा छापलेला दर एमआरपीवरून काढलेला असतो आणि आपल्याला तर दुकान एमआरपीच्या खाली देतं, म्हणजे खरा दर वेगळाच. शेवटी मोबाइल काढून भागाकार करावाच लागतो, रॅकवरची किंमत भागिले वजन. दोन-चार महिने कराल, मग नजरेला सवय होते.

आमच्या ह्यांची एक गोष्ट सांगते. कपड्यांच्या पावडरीचं चार किलोचं पोतं, सोबत बादली फ्री, हे ट्रॉलीत टाकून मोकळे. मी शेजारच्या एक किलोच्या पाकिटाचा दर बघितला, चार पाकिटं घेतली असती तर पोत्यापेक्षा बावीस रुपये कमी पडत होते. म्हटलं बादली बावीस रुपयांची आहे, फुकट नाही. ते म्हणाले अगं पण बावीस रुपयांत बादली कुठे मिळते? आता याला काय उत्तर देणार, घेतली बादली. पण निदान काय देऊन काय घेतलं ते माहीत होतं, मुद्दा तेवढाच.

शाम्पूचं तर उलटंच आहे, पुडी बरेचदा बाटलीपेक्षा मिलिलिटरमागे स्वस्त पडते. मात्र अगदी छोट्या पुडीवर एककाचा दर छापलेला असेलच असं नाही, तिथे स्वतःच गणित करायचं.

तेलात डोळे उघडे ठेवा. एक लिटर तेल म्हणजे वजनाला साधारण ९१० ग्रॅम. पूर्वी पिशवी म्हटली की लिटरचीच असायची, आता त्याच आकाराच्या दिसणाऱ्या ८५० आणि ८०० ग्रॅमच्या पिशव्या आल्यात, किंमत वीस रुपयांनी कमी बघून आपण उचलतो आणि महिना संपायच्या चार दिवस आधी तेल संपतं. डब्याचंही तसंच, १५ लिटरचा डबा आणि १५ किलोचा डबा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, लिटरवाल्यात साडेतेरा किलोच्या थोडंच वर तेल असतं. बिस्किटांचे पाच आणि दहा रुपयांचे पुडे किंमत तीच ठेवून आतून हलके होत जातात, हे तर आता सगळ्यांनाच माहीत झालंय.

रॅकच्या पट्टीवरचं लेबल हे वर ठेवलेल्या वस्तूचंच असेल असं समजू नका, गिऱ्हाइकं वस्तू उचलून कुठेही ठेवतात. लेबलवरचं नाव आणि ग्रॅम, दोन्ही पाकिटाशी जुळवा. एकावर एक फ्री असेल तर कुठल्या चवीवर, कुठल्या वजनावर ते वाचा, लिंबाच्या साबणावर ऑफर असते आणि आपण गुलाबाचा उचललेला असतो.

सुटं धान्य मिळत असेल तिथे एक फरक लक्षात ठेवा. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबलवाल्या डाळ-तांदूळ-पिठावर ५ टक्के जीएसटी आहे, सुट्यावर नाही. म्हणून तर घाऊक बाजारात २६ किलोच्या गोण्या दिसतात. पण सुटं घेताना मूठभर हातात घेऊन खडे, भुसा, जाळी बघा, वास घ्या. आणि भाजी, गहू, कांदे-बटाटे हे मी मार्टमधून घेत नाही, भाजी बाजारातच, तिथे निवडताही येते आणि घासाघीसही होते. गहू वर्षाचा भरते, चक्कीवर दळून आणते. हे माझं मत, ज्यांना वेळ नाही त्यांनी पीठ खुशाल तिथलं घ्यावं.

तारखा

पुढच्या रांगेत जुना माल, मागे नवीन, असंच लावतात, त्यात गैर काही नाही, त्यांना तो खपवायचा असतो. दूध, दही, ब्रेड, पनीर हे मागून काढा. डाळ-साखर पुढचीच घेतली तरी चालते, महिनाभरात संपणार असते. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे त्या तारखेपर्यंत चव-वास उत्तम, ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ म्हणजे त्यानंतर खायचं नाही, दोन्हींत फरक आहे. अर्ध्या किमतीत लावलेला माल दिसला की हात आधी तारखेकडे जाऊ दे.

वरचा मजला

किराणा झाला की वर जायचं नाही. एवढंच. वर कपडे, प्लास्टिकचे डबे, तवे, चपला असतात आणि ते सगळं ९९ रुपयांना असतं. खरंच काही लागणार असेल तर वेगळ्या दिवशी, वेगळी यादी घेऊन जा. माझ्याकडे आज एकावर एक बसणाऱ्या डब्यांचे चार सेट आहेत आणि एकाचंही झाकण दुसऱ्याला लागत नाही.

काउंटरवर

रांग निवडताना माणसं नका मोजू, ट्रॉल्या बघा. दोन खच्चून भरलेल्या ट्रॉल्यांपेक्षा हातात चार वस्तू घेतलेली सहा माणसं लवकर सरकतात. रांगेत उभं राहिल्यावर ट्रॉली एकदा तपासा आणि यादीबाहेरच्या ज्या वस्तूंबद्दल आता विचार बदललाय त्या काढा, लाजायचं काही कारण नाही, काउंटरवाल्याला सांगितलं तर तो बाजूला ठेवून घेतो. फक्त पनीर साबणाच्या रॅकवर ठेवून पळ काढू नका, खराब होतं ते.

पट्ट्यावर वस्तू गटाने ठेवा, एकसारख्या पाच साबणाच्या वड्या एकत्र, म्हणजे स्कॅन किती झाल्या ते मोजता येतं. आणि घरातले दोघं गेले असाल तर एकाने पिशव्या भरायच्या, दुसऱ्याने स्क्रीन सोडून कुठेही बघायचं नाही. हे मी ठेच लागून शिकले. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल यांच्यावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, म्हणजे १२० ची ट्यूब १०७ च्या आसपास यायला हवी. त्याच दिवाळीनंतर मी एका दुकानातून (नाव घेत नाही) तीन ट्यूब आणल्या, प्रत्येकीवर नव्या दराचं स्टिकर, आणि घरी येऊन बिल बघते तर तिन्ही जुन्या दराने लागलेल्या. ३९ रुपयांचा फरक. दुसऱ्या दिवशी परत गेले, तिथल्या पोराने मशीनवर दाखवलं, एकाच बारकोडला दोन एमआरपी चढवलेल्या असतात, स्कॅन केलं की मशीन विचारतं यातली कुठली, आणि घाईत वरचीच दाबली जाते. पैसे मिळाले, पण आधी अर्धा तास ‘मॅडम, साहेब जेवायला गेलेत’ ऐकावं लागलं, शिवाय जाण्या-येण्याचं पेट्रोल गेलं ते वेगळंच. आता काउंटरवर पोरगं स्कॅन करता करता थांबलं, बोट स्क्रीनवर गेलं, की मी लगेच म्हणते, बाळा, पाकिटावरची बघून दाब.

एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, त्यामुळे एमआरपीवर वेगळा जीएसटी कुणी लावला तर तिथेच थांबवा. बिलाच्या तळाशी जीएसटीचा तक्ता दिसतो तो किमतीतलाच कर फोडून दाखवलेला असतो, वरून घेतलेला नाही, याला घाबरू नका. एकावर एक फ्रीची सूट बिलात उणे होऊन आली का तेही बघा, वस्तू पिशवीत गेली म्हणजे सूट लागली असं नसतं.

मोबाइल नंबर मागतात. लॉयल्टीचे पॉइंट हवे असतील तर द्या, नको असेल तर ‘नंबर नाही द्यायचा’ असं सरळ सांगा. नंबर दिल्याशिवाय बिल होणार नाही असा आग्रह दुकानांनी धरू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच बजावलंय. पिशवी विसरलात आणि न विचारता कॅरीबॅगचे पैसे बिलात लावले तर तेही विचारा, पिशवीला पैसे पडतील हे आधी न सांगता ऐन काउंटरवर आकारणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये म्हटलंय.

गेटवर आणि घरी

गेटवरच्या शिक्केवाल्याकडे जायच्या आधी दोन मिनिटं बाजूला उभं राहून बिल वरून खाली वाचा. शिक्का पडला, गाडी निघाली, मग प्रत्येक गोष्ट अवघड होत जाते. बघायचं एवढंच: वस्तूंचा एकूण आकडा, नगाच्या रकान्यात कुठे १ च्या जागी २ पडलेत का, आणि सगळ्यात महागड्या चार ओळी. गेटवर बिल बघतात म्हणजे आपल्याला चोर समजतात असं काही जणांना वाटतं आणि ते वाद घालतात. माझी नणंद न्यू जर्सीला असते, ती सांगते तिथल्या कॉस्टको नावाच्या मोठ्या मार्टच्या दारावरही बिल बघून मार्करने रेघ मारतात, तिथेही रांग लागते.

बिलाचा फोटो गाडीत बसायच्या आधी काढा. तो कागद उष्णतेवर छापणारा असतो, डॅशबोर्डवर चार दिवस उन्हात राहिला की कोरा. मिक्सर, इस्त्री, चपला असलं काही घेतलं असेल तर खोकं आणि टॅग पंधरा दिवस टाकू नका, बदलून देण्याची मुदत आणि अटी बिलावरच छापलेल्या असतात. खाण्याचं पाकीट खराब निघालं तर डब्यात ओतू नका, पाकिटासकट, तारीख दिसेल असा फोटो काढून ग्राहक सेवेच्या टेबलावर न्या. तिथे दाद लागली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, फोन लावताना बिल हातात ठेवा.

घरी आल्यावर नवीन डाळ जुन्या डाळीवर ओतायची नाही. जुनी ताटात काढा, डबा पुसून कोरडा करा, नवीन खाली, जुनी वर. पाकिटावरचा तारखेचा तुकडा कापून डब्यात टाकते मी, आणि पावसाळ्यात रव्याचं पाकीट सरळ फ्रिजमध्ये.